रस काढण्याचे यंत्र, नग एक

मी छापचित्रं करतो असं नांदेडात कुणाला सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हंजे झेरॉक्स?" जरा शिकलेला असेल तर विचारतो, "फ्लेक्स का?" आणि फारच शिकलेला असेल तर काहीच न विचारता मान डोलावतो. या तिसऱ्या जातीचा मला सगळ्यात जास्त राग येतो. पूर्वी मी समजावून सांगत असे. जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईनं तो खरवडत चित्र काढायचं, पत्रा ॲसिडात सोडायचा, जिथं रेघ ओढली तिथं ॲसिड पत्रा खातं, मग त्या खाचांत शाई भरायची, वरची सगळी पुसून घ्यायची आणि ओलसर कागद ठेवून दोन लोखंडी रुळांमधून दाबून काढायचा. एवढं ऐकून घेतल्यावर एका गृहस्थांनी मला विचारलं, "मग सर, त्यापेक्षा सरळ कागदावरच काढलं तर न्हाई चालत का?" त्या दिवसापासून मी समजावणं सोडून दिलं.

चित्रकलेच्या एका महाविद्यालयात मी अठ्ठावीस वर्षं हा विषय शिकवला. शिकवला म्हणजे वर्गात उभा राहिलो. आमच्याकडं येणारी निम्मी मुलं चुकून आलेली असत, उरलेली कुणीतरी पाठवलेली. त्यातली काही माझ्या विषयाकडं वळायची, कारण माझ्या खोलीत पंखा चांगला होता. सुई हातात धरायला सांगितली की खिळा ठोकल्यासारखी धरायची. ॲसिडाचा वास आला की बाहेर जायची, ती चहा पिऊनच परत यायची. मी त्यांना बोलायचो. फार बोलायचो. माझ्या बोलण्याला सगळे भीत, आणि त्याचा मला अभिमान होता हे आता लपवून काय उपयोग.

माझं खरं प्रेम होतं ते यंत्रावर. आमच्या खोलीत मधोमध ते उभं होतं: वर-खाली दोन जाड रूळ, त्यांच्यामधून सरकणारी लोखंडी फळी, आणि बाजूला माणसाच्या छातीएवढं चाक. माझ्याही आधीच्या कुणीतरी ते कुठूनतरी आणवलं होतं. नांदेड-लातूर दोन्ही जिल्ह्यांत मिळून असं दुसरं यंत्र मी तरी पाहिलेलं नव्हतं. त्याला तेल मी घालायचो. त्याच्या रुळांवर हात ठेवायची परवानगी कुणाला नव्हती. रूळ आणि कागद यांच्यामध्ये घालायचे लोकरीचे जाड नमदे मी घरी नेऊन स्वतः धुवायचो. बायको म्हणायची, एवढ्या प्रेमानं कधी पोराचे लंगोट धुतले नाहीत.

निवृत्तीच्या वर्षी कळलं की माझ्यानंतर हा विषयच बंद होणार आणि खोलीत संगणक बसणार. प्राचार्यांनी मला बोलावलं. प्राचार्य मूळचे जलरंगवाले. त्यांची आयुष्यभराची पुंजी म्हणजे गोदावरीचा घाट, तोही फक्त सकाळचा. संध्याकाळचा घाट त्यांना कधी जमला नाही. ते म्हणाले, "सर, मशीन भंगारात काढायचं ठरलंय. तुमचा जीव त्याच्यावर. तुम्हीच भंगाराच्या भावात घेऊन जावा. इथं एक सही करा, अन् टेम्पो बोलवा."

तोपर्यंत सगळं ठीक होतं. मी खिशातून पेन काढलं आणि सवयीप्रमाणे आधी वाचायला लागलो. संस्थेच्या मालमत्तेच्या नोंदवहीतला उतारा होता. त्यावर लिहिलं होतं: "लोखंडी रस काढण्याचे यंत्र, चाकासह, नग एक."

जुन्या कुठल्यातरी बाबूनं दोन रूळ आणि चाक बघितलं असणार. त्याला आयुष्यात दोन रूळ आणि चाक एकत्र एकाच ठिकाणी दिसली असतील, रसवंतीवर. त्यानं तसं लिहून टाकलं, आणि त्यानंतर आलेल्या प्रत्येक बाबूनं वर्षाकाठी मोजणी करताना माझ्या डोळ्यांदेखत त्या यंत्रापुढं बरोबरची खूण केली. अठ्ठावीस वर्षं मी सरकारदरबारी उसाच्या चरकावर विद्यार्थी घडवत होतो.

मी पेन परत खिशात घातलं. म्हणालो, "आधी नोंद दुरुस्त करा. मग सही."

प्राचार्य हसले. "सर, नाव काय का असंना, मशीन तर तेच हाय ना?"

"नाही," मी म्हणालो. "मी रसवंतीवाला नाही."

मग जे सुरू झालं त्याची आठवण आली तरी अजून डोकं फिरतं. मी अर्ज दिला. अर्जावर हेडक्लार्कनं मला टेबलाशी बसवून समजावलं, अगदी लहान पोराला समजावावं तसं. म्हणाला, "सर, तुमचं छापायचं मशीन रेकॉर्डला न्हाईच. रेकॉर्डला हाय ते रसाचं. आता नोंद बदलली, तर रसाचं मशीन कुठं गेलं ते सांगावं लागंल. त्याची चौकशी लागंल. आन् जे मशीन कधी आलंच न्हाई ते हितं कसं काय हाय, त्याची दुसरी चौकशी लागंल." मी म्हणालो, लागू दे. दुसरा अर्ज दिला. तिसऱ्यात इतिहास लिहिला: छापचित्रं म्हणजे काय, ती जगात कधीपासून आहेत, यंत्राचा प्रत्येक भाग कशाला लागतो. सोबत यंत्राची बाजूनं, समोरून आणि वरून अशी तीन रेखाटनं जोडली. भंगार ठरवणाऱ्या समितीत संस्थेचे एक सदस्य होते, त्यांचं खताचं दुकान होतं. त्यांनी माझी रेखाटनं बघून सांगितलं म्हणे, की सरांचा हात चांगलाय, पण रस गाळायची चाळणी काढायची राहिली.

मी निवृत्त झालो. खोलीला कुलूप लागलं. पुढच्या महिन्यात टेम्पो आला आणि यंत्र गेलं. मी बघायला गेलो नाही. नमदे मात्र माझ्याकडंच राहिले होते, कारण ते कुठल्याच वहीत नव्हते. त्या दिवशी मी तत्त्व पाळलं असं मला वाटलं आणि जेवताना पोळ्याही दोन जास्त गेल्या. एका मशीनसाठी खोट्यावर सही करणारा मी नव्हे, हे मी पुढं चार वर्षं भेटेल त्याला सांगत राहिलो. लोक "बरोबर हाय सर" म्हणायचे आणि घड्याळ बघायचे.

या सगळ्यात एक पत्रा अडकला होता. नोकरीच्या शेवटच्या दोन वर्षांत मी तो केला होता. देगलूर रस्त्यावर एक बंद पडलेलं जिनिंग होतं, कापूस वेचून यायचा, सरकी निघायची, ते सगळं थांबून गवत उगवलेलं. पत्र्याची गंजलेली शेड, आतली यंत्रांची रांग, तुटलेल्या खिडक्या. रोज सकाळी जाऊन तिथं बसायचो, मग खोलीत येऊन सुईनं कोरायचो. इतर लोक काम चालू असताना मधूनमधून एखादी प्रत छापून बघतात, कुठं काय चुकतंय ते. मला त्याची घृणा होती. ज्याला आपल्या रेघेची खात्री नाही त्यानं सुई धरू नये, असं मी मुलांना सांगायचो. तेव्हा मीही एकदाही छापून पाहिला नाही. शेवटच्या आठवड्यात, अर्जांच्या धामधुमीनंतर, छापायचा होता. तोवर कुलूप लागलं.

तर तो पत्रा तेल लावून, मेणकागदात गुंडाळून कपाटात होता, आणि माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम तेच होतं याबद्दल मला शंका नव्हती. न छापलेल्या पत्र्यावर नुसत्या खाचा असतात. त्याचं चित्र झालेलं कुणीच बघितलेलं नसतं, करणाऱ्यानंही. पण मी बोलायचो मात्र बघितल्यासारखा. सध्या काय चाललंय असं कुणी विचारलं की म्हणायचो, "मशीन गेलं हो. नाहीतर दाखवलं असतं काम म्हणजे काय ते." बायको एकदा म्हणाली, "हैदराबादला कुणाकडं तरी असंल की मशीन. चार तासांची गाडी हाय. जाऊन छापून आणा." मी तिला सांगितलं की ऐऱ्यागैऱ्याच्या यंत्रावर घालायचा हा पत्रा नाही. ती पुन्हा त्या विषयावर बोलली नाही.

मग लातूरला प्रदर्शन झालं. "छापचित्रांचे विश्व" असं काहीतरी नाव होतं. ज्येष्ठ म्हणून मला बोलावणं होतं, आणि ज्येष्ठांना शाल मिळते. प्रमुख पाहुणे शिकवणी वर्गाचे संचालक होते. लातुरात दुसरे कोण असणार. माझ्या शेजारून चालताना त्यांनी विचारलं, "सर, एका पत्र्यातून किती निघतात?"

"वीस-पंचवीस चांगल्या निघतात."

"अन् रिझल्ट सगळ्यांचा सारखाच?" ते थक्क झाले. "हे भारी हाय."

भिंतींवर होतं ते बघून माझी शाल गळ्याशी टोचायला लागली. एका तरुण चित्रकारानं संगणकावर वळणं काढून, दुकानातून रंगीत प्रिंट मारून आणली होती आणि खाली पेन्सिलीनं मोठ्या ऐटीत क्रमांक टाकले होते, दहापैकी तीन, दहापैकी चार, म्हणजे प्रती दहाच. मी विचारलं, अकरावी प्रत काढायला काय लागतं? तो म्हणाला, "काही नाही सर, फाईल आहे ना." दुसऱ्याचे लाकडी ठसे होते, त्यात शेतकरी, बैल आणि सूर्य. सूर्याला किरणं सोळा, बैलाला पाय तीन. एका बाईंनी वांग्याचे काप शाईत बुडवून उठवले होते आणि त्याला "अस्तित्व" नाव दिलं होतं. मी प्रत्येकापुढं थांबून एकेक वाक्य बोलत गेलो. माझ्या मागं पाच-सहा जण नुसतं ते ऐकायला चालत होते, आणि मला मजा येत होती.

कोपऱ्यातल्या चित्रापुढं मी बोलायला तोंड उघडलं आणि बोललो नाही. डाळ मिलमधल्या बायका होत्या. पाच जणी, तुरीची डाळ चाळताना. तोंडाला फडकी बांधलेली, फक्त डोळे उघडे, आणि सगळ्या हवेत भुकटी. रेघा कुठं जाड झालेल्या, कुठं शाई पुसायची राहिलेली. माझ्या वर्गात असतं तर मी फाडलं असतं. पण भुकटी खरी होती. बघताना माझ्या घशात खवखवलं. मग जवळ जाऊन पाहिलं, तर त्या हवेत विणीचा बारीक ठसा होता, जाड्याभरड्या लोकरीच्या कापडाचा. आणि चित्राखालच्या कोऱ्या कागदावर, डाव्या हाताला, तांदळाएवढा एक उंचवटा.

तो उंचवटा मी ओळखला. नोकरीला लागलो त्या वर्षी माझ्या हातून हातोडा निसटला होता आणि यंत्राच्या लोखंडी फळीला एक खड्डा पडला होता. ओला कागद त्या खड्ड्यावर दाबला गेला की तिथं कागद फुगायचा. अठ्ठावीस वर्षं मी प्रत्येक कागद त्या जागेपासून चार बोटं लांब ठेवला आणि प्रत्येक मुलाला ठेवायला लावला. माझं यंत्र वितळलेलं नव्हतं. कुणीतरी त्यावर छापत होतं, आणि त्या खड्ड्याची त्याला फिकीर नव्हती.

नाव वाचलं. माझीच विद्यार्थिनी, वीसेक वर्षांपूर्वीची. तिच्या शेवटच्या परीक्षेचं काम हातात धरून मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो, "तू डी.एड. कर. पोरांना जास्वंद काढायला शिकव." तिनं खरंच डी.एड. केलं आणि जळकोटकडं जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली. माझा एवढा एकच सल्ला कुणीतरी मनावर घेतला होता.

पुढच्या रविवारी मी पत्रा आणि नमदे पिशवीत घालून नांदेडहून निघालो. गाडीत बसून मी वाक्यं जुळवत होतो. संस्थेचं यंत्र, माझं यंत्र, मला न विचारता. जळकोट येईपर्यंत भाषण तयार झालं.

घर गावाच्या कडेला होतं. दारात तिची सासू ज्वारी निवडत बसली होती. मी कोण ते सांगितल्यावर म्हातारीनं हाक मारली, "ये सूनबाई, तुझ्या चरकाचं कुनीतरी आलंय बग." ती कोपरापर्यंत शाईचे हात घेऊन बाहेर आली. मला बघून दचकली नाही. म्हणाली, "या सर. मला वाटलंच हुतं, लातूरला तुम्ही बघितलं की येणार."

मागं कडबा ठेवायची पत्र्याची शेड होती. तिथं ते उभं होतं. तेल घातलेलं, स्वच्छ, चाकाला नवा तांबडा रंग. माझं भाषण कुठल्या कुठं गेलं. मी एवढंच विचारलं, "कसं मिळालं?"

"कॉलेजातल्या शिपायमामांनी फोन केला. म्हणले, सरांचं मशीन भंगारात चाललंय. शाळा सुटली की निघाले. भंगारवाल्याला विचारलं, रसाची मशीन आली का? हाव म्हणला, ती काय. टेम्पोत टाकून आणली."

"पावतीवर काय लिहिलं होतं?"

"रसाचं मशीन."

"आणि तू सही केलीस?"

"मग काय करू? मशीन आणायलाच तर गेल्ते."

"मला कळवायचं होतं."

तिनं हात पुसले. "कळवलं असतं तर तुम्ही काय केलं असतं सर? भंगारवाल्याची पावती दुरुस्त करत बसले असते."

मला संताप आला. तिच्यावर नव्हे हे कळायला थोडा वेळ लागला. चार वर्षं ज्या गोष्टीची मी मिरवणूक काढली तिची किंमत या बाईनं एका वाक्यात केली होती, आणि ती बरोबर होती. मी विषय बदलला. भिंतीला दोरीवर तिचे कागद वाळत होते, दहा-बारा. सगळ्यांवर ती वीण. म्हणालो, "नमद्याऐवजी घोंगडी वापरतेस. वीण उमटते."

"हाव. आधी लई वाईट वाटायचं. मग म्हणलं उमटू दे, तिच्यावरच काहीतरी करू."

मी पिशवीतून नमदे काढले, मग पत्रा. मेणकागद सोडला. "हा एक राहिलाय," एवढंच म्हणालो.

"छापा की," ती म्हणाली आणि टेबल मोकळं करून दिलं.

मी शाई लावली. जुन्या धोतराच्या तुकड्यानं पुसली, मग तळहातानं, वर्तुळं काढत, कडा साफ करत. तास गेला. ती स्टुलावर बसून बघत होती. कागद भिजवून टिपला, खड्ड्यापासून चार बोटं लांब ठेवला, वर नमदे घातले. तिनं चाक फिरवलं. फळी त्या टोकाला गेली. कागदाची दोन टोकं धरून मी तो हळूहळू उचलला.

जिनिंग आलं होतं. प्रत्येक पन्हाळी, प्रत्येक खिळा, खिडकीची प्रत्येक काच. गवताचं पातं न् पातं मोजता यावं असं. मी दोष शोधायला लागलो. दाब बरोबर होता. शाई एकसारखी. कागदाला सुरकुती नाही. मी तो खिडकीपाशी नेला, लांब धरला, डोळे बारीक करून बघितला. कुठंच काही चुकलेलं नव्हतं, आणि त्यात कापूस कधी आला असेल, माणूस कधी घामेजला असेल, असं काहीच वाटत नव्हतं. विकायला काढलेल्या जागेचा नकाशा असावा तसा तो होता. छापून न बघता मी दोन वर्षं त्यात रेघा घालत गेलो होतो, आणि मग चार वर्षं यंत्र नाही म्हणून रडत होतो. यंत्र असतं तर हे मला चार वर्षं आधी कळलं असतं. कदाचित म्हणूनच मी सही केली नव्हती.

ती शेजारी येऊन उभी राहिली. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामावर ज्या आवाजात बोललो त्याच आवाजात बोलायचा प्रयत्न केला, पण तो निघाला नाही.

"भिकार आहे," मी म्हणालो.

आणि थांबलो. "असं कसं सर" किंवा "न्हाई हो सर" असं काहीतरी ती म्हणेल, तेवढ्यावर मला नांदेडपर्यंत जाता आलं असतं. तिनं चित्र वरपासून खालपर्यंत बघितलं. घाई केली नाही.

"हाव," ती म्हणाली, आणि पत्रा पुसायला फडकं माझ्याकडं सरकवलं.